लुटीचा इतिहास सांगायचा तर गुन्हेकथाच हवी

पॉल व्हरहोवन यांचा ‘झ्वार्टबूक’ हा डच चित्रपट २००६ साली आला. नाझी अंमलाखालच्या द हेग शहरात घडणारी ही गुन्हेकथा आहे. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री या तिन्ही विभागांतली ‘सोनेरी वासरं’ तिने पटकावली, आणि २००८ मध्ये डच प्रेक्षकांनी आजवरचा सर्वोत्तम डच चित्रपट म्हणून तिलाच कौल दिला. तरीही युद्धाच्या इतिहासाबद्दल आस्था असलेल्या अनेकांच्या मनात या चित्रपटाविषयी अढी आहे. त्यांचे आक्षेप तीन. पहिला असा की, यातले योगायोग आणि कलाटण्या एखाद्या रहस्यकादंबरीला शोभतील, इतिहासाला नाही. दुसरा, भुकेने तडफडणाऱ्या देशाची कथा सांगताना पडद्यावर शॅम्पेन, रेशमी कपडे आणि उजळ रंग यांची रेलचेल आहे, त्यामुळे काळाचं वातावरण खोटं वाटतं. तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की, जर्मन अधिकाऱ्याला माणुसकी आणि प्रतिकार चळवळीतल्या माणसाला विश्वासघात बहाल करून चित्रपटाने बळी आणि मारेकरी यांच्यातली रेघच पुसली आहे.

हे आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक आहे, हे मला मान्य आहे. १९४० मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे १ लाख ४० हजार ज्यू राहत होते. त्यांपैकी १ लाख २ हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. म्हणजे चारांपैकी तीन. शेजारच्या बेल्जियममध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं, फ्रान्समध्ये २५ टक्के. एवढ्या मोठ्या संहारावर चित्रपट काढणाऱ्याने तपशिलाशी इमान राखावं, ही मागणी रास्तच आहे. पण या मागणीच्या कसोटीवर ‘झ्वार्टबूक’ नापास होतो, हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. तो चित्रपट इतिहासाचा एक असा भाग सांगतो जो गंभीर, करड्या, संथ युद्धपटांनी बहुतेक वेळा झाकून ठेवला. तो भाग म्हणजे लूट. आणि लुटीची गोष्ट सांगायला गुन्हेकथेइतकं योग्य माध्यम दुसरं नाही.

कथानक थोडक्यात असं. राखेल श्टाइन ही तरुण ज्यू गायिका एका धार्मिक शेतकरी कुटुंबाच्या घरात लपून राहते. ते घर बॉम्बने उद्ध्वस्त होतं. फान गाइन नावाचा एक डच पोलीस येऊन सांगतो, मुक्त झालेल्या दक्षिणेकडे पोहोचवण्याची सोय आहे. वडिलांच्या ओळखीचे वकील स्माल यांच्याकडून पैसे घेऊन राखेल निघते. बीसबॉसच्या दलदलीत बोटीवर तिला आईवडील आणि भाऊ भेटतात. मध्यरात्री जर्मन गस्तीची नौका प्रकाशझोत टाकते आणि गोळीबारात सगळे मारले जातात. पाण्यात उडी मारलेली राखेल लव्हाळ्यांत लपून पाहते, तर सैनिक प्रेतांच्या अंगावरचे पैसे आणि दागिने काढून घेत असतात. पुढे ती केस सोनेरी रंगवते, एलिस द फ्रीस हे नाव घेते, कौपर्स यांच्या प्रतिकार गटात शिरते आणि जर्मन सुरक्षा सेवेचा हेगमधला प्रमुख म्युन्ट्से याच्याशी जवळीक साधते. आपल्या माणसांना बोटीवर कुणी पाठवलं, हा प्रश्न तिला सोडत नाही, आणि त्याचं उत्तर तिला मुक्तीनंतरच मिळतं. ज्या देखण्या, धाडसी डॉक्टर आकरमान्सला लोक चळवळीचा नायक म्हणून खांद्यावर घेतात, तोच या धंद्यातला भागीदार निघतो.

आता पहिला आक्षेप. हे असं घडतं का? शेवटी आकरमान्स शववाहिकेतल्या शवपेटीत लपून, लुटीच्या जडजवाहिरासह पळून जायला निघतो. हे दृश्य पाहून पुष्कळांनी नाकं मुरडली. त्यांनी ड्रीस रिपहागनचा इतिहास पाहावा. अ‍ॅमस्टरडॅमच्या गुन्हेगारी जगातला हा माणूस युद्धकाळात जर्मनांसाठी काम करत होता. लपलेल्या ज्यूंचा विश्वास संपादन करायचा, त्यांचे दागिने आणि पैसे ‘सांभाळायला’ घ्यायचे आणि मग त्यांना पकडून द्यायचं, ही त्याची पद्धत. मुक्तीनंतर तो सापडला, पण त्याला रीतसर पोलिसांच्या हवाली करण्याऐवजी चळवळीतून पुढे सुरक्षा खात्यात गेलेल्या माणसांनी माहितीच्या मोबदल्यात स्वतःच्या ताब्यात ठेवलं. १९४६ च्या फेब्रुवारीत तो निसटला, आणि शववाहिकेतल्या शवपेटीत लपवून त्याला बेल्जियमच्या हद्दीपार नेल्याचं सांगितलं जातं. पुढे स्पेन आणि मग अर्जेंटिना असा त्याचा प्रवास झाला. १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो इथे तो मेला, शिक्षा न भोगता. २०१६ मध्ये त्याच्यावरच ‘रिपहागन’ नावाचा चित्रपट आला, तेव्हा कुणाला शवपेटी अतिरंजित वाटायचं कारण उरायला नको होतं.

विश्वासघातकी नायकाचंही तेच. आन्टोन फान डेर वाल्स हा डच माणूस प्रतिकार चळवळीत वावरला, लोकांचा भरवसा मिळवत गेला आणि एकामागून एक माणसं जर्मनांच्या हाती देत राहिला. त्याच्यावर खटला चालला आणि १९५० च्या जानेवारीत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. आकरमान्सची जात डच इतिहासात होती. तिचे गुन्हे न्यायालयाच्या कागदांत नोंदले गेले आहेत.

पण सर्वांत जास्त अविश्वास ज्या प्रसंगाने निर्माण झाला तो म्हणजे म्युन्ट्सेचा मृत्यू. त्याच्याच वरिष्ठांनी त्याला देहदंड ठोठावलेला असतो. युद्ध संपतं, जर्मनी शरण येते, आणि तरीही कॅनडाच्या सैन्याच्या संमतीने जर्मन बंदूकधारी त्याला गोळ्या घालतात. पराभूत सैन्याला विजेत्यांच्या ताब्यात असताना स्वतःच्या माणसाला मारायची परवानगी कशी मिळेल, असं प्रेक्षक विचारतात. उत्तर १३ मे १९४५ च्या तारखेत आहे. नेदरलँड्समधल्या जर्मन सैन्याने शरणागती पत्करून आठवडा उलटला होता. अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका बंद पडलेल्या मोटार कारखान्यात कॅनडाच्या सैन्याने जर्मन युद्धकैदी ठेवले होते. ब्रुनो डॉर्फर आणि राइनर बेक हे जर्मन नौदलातले दोन पळपुटे सैनिक तिथे आणले गेले. छावणीतल्या जर्मन अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर लष्करी खटला चालवला आणि मृत्युदंड दिला. कॅनडाच्या सैन्याने त्यासाठी जर्मनांकडून जप्त केलेल्या रायफली, काडतुसं आणि ट्रक पुरवला. दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. व्हरहोवन आणि पटकथाकार गेरार्ड सूतेमान यांनी या घटनेतली माणसं बदलली, हुद्दे बदलले, पण तिच्यातला अन्याय आहे तसा ठेवला. ज्या जागी प्रेक्षक ‘हे शक्य नाही’ म्हणतो, नेमकी तिथेच ही कथा कागदपत्रांना सर्वांत जवळ आहे.

बीसबॉसची दलदलही कल्पनेतली नाही. १९४४ च्या शरद ऋतूत दोस्त सैन्य दक्षिणेकडे पोहोचलं आणि मोठ्या नद्यांवर अडकलं. त्या हिवाळ्यात या पाणथळ प्रदेशातून वल्ह्यांच्या होड्यांनी माणसं, औषधं आणि निरोप यांची खरोखर ने-आण होत असे, आणि ती करणाऱ्यांपैकी काहींनी प्राण गमावले. ही वाट होती, म्हणून तर या वाटेचं आमिष दाखवता आलं. जिथे खरी सुटका असते तिथेच खोटी सुटका विकता येते.

दुसरा आक्षेप वातावरणाचा. १९४४-४५ चा ‘भुकेचा हिवाळा’ डच स्मृतीत खोल रुतलेला आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये निर्वासित सरकारच्या आवाहनावरून रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी बदला म्हणून पश्चिमेकडच्या शहरांची अन्नवाहतूक रोखली, कोळसा संपला, वीज गेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरबीट खाऊन दिवस काढले. सुमारे २० हजार माणसं मेली. अशा काळावरच्या चित्रपटात मेजवान्या कशा, असा प्रश्न विचारला जातो.

माझं उत्तर असं की, मेजवान्या होत्या म्हणूनच त्या दाखवल्या पाहिजेत. भूक सगळ्यांना सारखी वाटून आलेली नव्हती. ज्यांच्या हाती सत्ता, गोदामं आणि जप्त केलेला माल होता त्यांच्या टेबलावर शेवटपर्यंत दारू होती. चित्रपटाची कथा जर्मन सुरक्षा सेवेच्या मुख्यालयात, तिथल्या कचेरीत, तिथल्या पियानोभोवती घडते. राखेलला आपल्या कुटुंबाचा मारेकरी फ्रांकन सापडतो तोच मुळी एका जल्लोषात, पियानो वाजवताना. तिला त्याच्या साथीने गावं लागतं. या प्रसंगातला झगमगाट काढून टाकला तर प्रसंगातली हिंसाही निघून जाईल. करडा रंग, पाऊस आणि मंद संगीत एवढ्यानेच काळ उभा राहतो, ही समजूत आपल्याला मागच्या चित्रपटांनी लावलेली सवय आहे. त्या वेळच्या माणसांना आभाळ निळंच दिसत होतं आणि लिपस्टिक लालच होती. राखेलच्या वेशांतराचा कणा रंग हाच आहे. केसांपासून देहाच्या खाजगी भागापर्यंत ती स्वतःला सोनेरी रंगवते, कारण चुकीच्या रंगाचा एक केससुद्धा तिचा जीव घेऊ शकतो. वंशाच्या कल्पनेवर उभी असलेली राजवट देहावर कशी लिहिली जात होती, हे यापेक्षा नेमकं मला दुसऱ्या कुठल्या युद्धपटात दिसलेलं नाही.

व्हरहोवन यांचा जन्म १९३८ चा. युद्धात त्यांचं बालपण हेगमध्ये गेलं. शहराचा किनाऱ्याकडचा मोठा पट्टा जर्मनांनी तटबंदीसाठी रिकामा करवला आणि लाखाहून अधिक रहिवाशांना घरं सोडावी लागली. शहराच्या आसपासून व्ही-२ रॉकेटं इंग्लंडच्या दिशेने सुटत. ३ मार्च १९४५ रोजी ती ठिकाणं नष्ट करायला आलेल्या ब्रिटिश विमानांचे बॉम्ब चुकून बेझाउडनहौट या वस्तीवर पडले आणि पाचशेहून अधिक नागरिक मेले. मित्राच्या विमानातूनही मरण येतं, हे या दिग्दर्शकाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मुक्ती आणि मृत्यू एकाच दिशेने येऊ शकतात, ही चित्रपटभर जाणवणारी धास्ती त्या शहराच्या अनुभवातून आलेली आहे. वातावरण म्हणतात ते हेच. गणवेशाच्या गुंड्या तपासून ते सापडत नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मी सर्वांत जास्त मान देतो, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. म्युन्ट्से हा टपाल तिकिटं जमवणारा, बायकामुलं बॉम्बहल्ल्यात गमावलेला, हळवा माणूस आहे. त्याच्या खुर्चीवर बसणाऱ्या खऱ्या माणसांनी त्या वसंतात काय केलं? पोलीसप्रमुख राउटर याच्यावर चुकून झालेल्या हल्ल्याचा सूड म्हणून ८ मार्च १९४५ ला वूस्ते हूव्हे इथे ११७ कैद्यांना रांगेत उभं करून मारलं गेलं, आणि त्या दिवसांत देशभर मिळून अडीचशेहून जास्त. असे आदेश काढणाऱ्या यंत्रणेत म्युन्ट्से वरच्या पदावर आहे. त्याच्या टेबलावरून कोणती कागदपत्रं सही होऊन गेली, हे चित्रपट दाखवत नाही. ते दाखवायला हवं होतं. सोबत हेही सांगायला हवं की म्युन्ट्सेसारखा वाटाघाटी करणारा जर्मन अधिकारी ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. एप्रिलच्या अखेरीस आखटरफेल्ट गावात दोस्त सेनापतींचे प्रतिनिधी आणि नेदरलँड्सचा सर्वोच्च नाझी प्रशासक साइस-इन्क्वार्ट स्वतः यांच्यात भुकेल्या शहरांना अन्न पोहोचवण्याबद्दल चर्चा झाली, आणि बॉम्ब टाकणारी विमानं पाव-पिठाची पोती टाकू लागली. अखेरच्या महिन्यांत जर्मन अधिकारी आपापली कातडी वाचवण्याचे मार्ग शोधत होते. म्युन्ट्सेचं राखेलवरचं प्रेम गोड झालं आहे, पण त्याची धडपड काळाला धरून आहे.

मात्र यावरून चित्रपटाने बळी आणि मारेकरी यांच्यातली रेघ पुसली असं म्हणणं म्हणजे तो अर्धाच पाहणं. फ्रांकनच्या बाबतीत तो क्षणभरही डगमगत नाही. बोटीवर मेलेल्या ज्यूंच्या बाबतीत तो क्षणभरही डगमगत नाही. जी रेघ तो खरोखर पुसतो ती वेगळी आहे. देशाचा तो चांगला आणि शत्रूचा तो वाईट, ही ती रेघ. युद्धानंतर कित्येक दशकं डच समाजाने स्वतःची कथा याच दोन रकान्यांत सांगितली. इतिहासकार लू द योंग यांच्या दूरचित्रवाणी मालिकेने आणि त्यांच्या अनेक खंडी इतिहासाने तिला बळ दिलं. १९८३ मध्ये इतिहासकार हान्स ब्लोम यांनी या दोन रकान्यांच्या पलीकडे पाहण्याचं आवाहन केलं. २००१ मध्ये क्रिस फान डेर हेयडन यांच्या ‘करड्या भूतकाळा’वरच्या पुस्तकाने तोच वाद पुन्हा पेटवला. काही जणांना भीती वाटली की सगळंच करडं म्हटलं तर कुणीच दोषी उरणार नाही. ती भीती रास्त आहे. पण ‘झ्वार्टबूक’ करड्या रंगात विरघळून जात नाही. तो दोषी कोण हे नावानिशी सांगतो. फक्त ते नाव अपेक्षित रकान्यात नसतं.

आणि इथेच गुन्हेकथेच्या बांधणीचं मोल कळतं. युद्धपट विचारतो, कोण शूर होतं? गुन्हेकथा विचारते, पैसा कुठे गेला? नेदरलँड्सच्या बाबतीत दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मनांनी हुकूम काढला की ज्यूंनी आपल्या ठेवी अ‍ॅमस्टरडॅमच्या सार्फाटीस्ट्राटवरच्या लिपमान, रोझेनथाल या बँकेत जमा कराव्यात. हे नाव एका प्रतिष्ठित ज्यू पेढीचं होतं. लोकांना भरवसा वाटावा म्हणून ते घेतलं गेलं, आणि त्याआडून लुटीसाठी वेगळी कचेरी चालवली गेली. मे १९४२ च्या दुसऱ्या हुकमाने दागिने, कलावस्तू आणि २५० गिल्डरवरची रोकडही द्यावी लागली. सगळं पावतीसह. माणसं गाडीत कोंबल्यावर त्यांची घरं रिकामी करणाऱ्या कंपन्या होत्या. त्या घरांतल्या सामानाच्या याद्या करणाऱ्या कचेरीतूनच विम हेनेके याची टोळी उभी राहिली. मार्च ते सप्टेंबर १९४३ या काळात या डच माणसांनी आठ हजारांहून अधिक ज्यू लपलेल्या जागांतून शोधून काढून दिले. पकडलेल्या माणसामागे बक्षीस होतं साडेसात गिल्डर. पत्रकार आड फान लिम्प्ट यांनी २००२ मध्ये या टोळीचा हिशेब पुस्तकात मांडला, तेव्हा देश हादरला.

हे सगळं वाचल्यावर ‘झ्वार्टबूक’ला नाव देणारी काळी वही हे रहस्यकथेतलं खेळणं राहत नाही. वकील स्माल यांनी त्या वहीत आपल्या ज्यू अशिलांच्या नोंदी ठेवलेल्या असतात. मरणाआधी कोणाला डॉक्टरची गरज पडली होती, हे त्या पानांवरून कळतं, आणि आकरमान्स उघडा पडतो. हिशेबाच्या नोंदींनी केलेला गुन्हा नोंदींनीच पकडला जातो. युद्धानंतर हेगमध्ये खून झालेल्या एका वकिलाच्या हरवलेल्या टिपणवहीवरून ही कल्पना सुचल्याचं व्हरहोवन यांनी सांगितलं आहे. तिजोरी, विमा, दागिन्यांची यादी, कर्जाची चिठ्ठी, ही गुन्हेकथेची जुनी सामग्री. नेदरलँड्समधल्या ज्यूंच्या विनाशाचीही तीच सामग्री होती. रूप आणि विषय इथे एकमेकांवर लादलेले नाहीत.

कुणी म्हणेल, हे रूप हॉलीवूडमधून आयात केलेलं आहे, ‘बेसिक इन्स्टिंक्ट’च्या दिग्दर्शकाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? हेही खरं नाही. व्हिलेम फ्रेडरिक हर्मन्स यांच्या १९५८ च्या कादंबरीवरून फोन्स राडेमाकर्स यांनी १९६३ मध्ये चित्रपट केला, त्याचा विषयच असा की आपण प्रतिकारासाठी खून केले असं म्हणणाऱ्या माणसाला ते सिद्ध करता येत नाही. त्याच राडेमाकर्स यांचा ‘द आनस्लाख’ १९८६ चा. जानेवारी १९४५ मध्ये हार्लेममध्ये एक फितूर पोलीस मारला जातो आणि त्याचं प्रेत एका घरासमोरून दुसऱ्या घरासमोर ओढलं जातं. ते का ओढलं, याचं उत्तर शोधण्यात नायकाचं अर्धं आयुष्य जातं. त्या चित्रपटाला परदेशी चित्रपटासाठीचं ऑस्कर मिळालं. म्हणजे पुरावा, संशय आणि उशिरा लागणारा शोध यांतून ताब्याच्या काळाकडे पाहणं ही डच परंपरा आहे. व्हरहोवन तिचे वारस आहेत. त्यांच्याच १९७७ च्या ‘सोल्डाट फान ओरान्ये’ने शूरांची कथा सांगितली होती. तिच्यात न मावलेली सामग्री त्यांनी आणि सूतेमान यांनी वर्षानुवर्षं जवळ ठेवली, आणि ‘झ्वार्टबूक’मध्ये उलगडली.

मुक्तीनंतरची दृश्यंही याच हिशेबात बसतात. जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून राखेलला कैदेत टाकतात आणि तिच्या अंगावर विष्ठेचं पिंप ओततात. तिच्याविरुद्धचा पुरावा फ्रांकनने तिनेच लावलेल्या छुप्या मायक्रोफोनचा उलटा वापर करून तयार केलेला असतो. मे १९४५ मध्ये देशभर बायकांचे केस भादरले गेले, लाखाहून अधिक संशयित छावण्यांत डांबले गेले, आणि त्या छावण्यांतल्या छळाच्या तक्रारी त्याच दशकात छापून आल्या. संतापाला लक्ष्य हवं होतं, आणि ते बहुधा सर्वांत दुबळ्या माणसाच्या रूपात सापडलं. खरे लुटारू त्या गर्दीत टाळ्या वाजवत होते. इतिहासाने हे रिपहागनच्या बाबतीत दाखवलं, चित्रपटाने आकरमान्सच्या बाबतीत.

अचूकता म्हणजे काय, यावर आपलं एकदा स्पष्ट मत हवं. गाडीचं मॉडेल, गणवेशाचा काप, रस्त्याची पाटी यांची दखल जरूर घ्यावी, पण ती अचूकतेची पहिली पायरी आहे. खरी कसोटी अशी की, गुन्हा कुणी केला, कशासाठी केला आणि नंतर कोण सुटलं, याबद्दल चित्रपट प्रेक्षकाला खोटं सांगतो का. ‘झ्वार्टबूक’ खोटं सांगत नाही. म्युन्ट्सेच्या बाबतीत तो मऊ पडतो, आणि त्याबद्दल त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण त्या एका मऊपणासाठी संपूर्ण चित्रपटाला अनैतिहासिक ठरवणारे लोक नकळत त्या जुन्या, सोयीच्या दोन रकान्यांकडेच परत जातात. त्या रकान्यांनी रिपहागनसारख्यांना वाचवलं होतं. संहार हा द्वेषाने झाला, तसा तो फायद्यासाठीही झाला, आणि फायदा घेणाऱ्यांत शेजारी, पोलीस, सभ्य व्यावसायिक होते, हे जो चित्रपट ठामपणे सांगतो, त्याला इतिहासाचा साक्षीदार म्हणून मान मिळायला हवा.